डोळे थकले म्हणून वाचन थांबू नये

जवळचे वाचण्याच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' म्हणतात. चष्म्याला वयाचेच नाव देऊन आपल्या वाडवडिलांनी एक गोष्ट सरळ सांगून टाकली आहे : चाळीस वर्षे झाली की हे होणार, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तरीही घराघरांत काय दिसते? पन्नाशी उलटलेली माणसे वर्तमानपत्र हात लांब करून धरतात, मथळे वाचतात आणि मजकूर सोडून देतात. साठीत मथळेही सुटतात. विचारले तर 'आता वाचायचा कंटाळा येतो' असे उत्तर मिळते आणि घरातले लोकही ते खरे मानतात. आम्हा दोघांचे म्हणणे असे की, बहुतेक वेळा हा कंटाळा नसतोच. अक्षर दिसत नाही हे सांगण्यापेक्षा कंटाळा आला म्हणणे सोपे असते, इतकेच.

आम्ही दोघे नवरा-बायको पिंपरीत राहतो. आमच्यापैकी एकाने भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे काढली, आधी लेथवर आणि पुढे तपासणी विभागात. दुसरीने प्राथमिक शाळेत मराठी शिकवले. आज एकाचे वय ६७ आणि दुसरीचे ६३. एकाला मधुमेह आहे, दुसरीच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. तरी फजरनंतर कुरआनची तिलावत, दुपारी वर्तमानपत्र आणि रात्री एखादे पुस्तक किंवा मासिक हा आमचा क्रम अल्लाहच्या कृपेने चालू आहे. मात्र तो आपोआप चालू राहिलेला नाही. त्यासाठी घरात काही बदल करावे लागले. ते इतरांच्याही उपयोगी पडतील म्हणून हे लिहीत आहोत.

आधी डोळ्यांत काय होते ते समजून घेऊ. आपल्या डोळ्यात एक नैसर्गिक भिंग असते आणि तरुणपणी ते लवचिक असते. जवळचे पाहताना डोळ्यातला स्नायू आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि अक्षर स्पष्ट दिसते. वय वाढते तसे हे भिंग कडक होत जाते आणि पूर्वीसारखे फुगत नाही. म्हणून पुस्तक लांब धरावे लागते, आणि एक दिवस हातच अपुरा पडतो. सुरुवातीला अधिक एकचा नंबर पुरतो. साठीपर्यंत तो अडीच-तीनपर्यंत जातो, मग बहुधा स्थिरावतो. हा आजार नाही, केस पांढरे होण्यासारखाच प्रकार आहे. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज खरा नाही. चष्मा लावा किंवा लावू नका, भिंग आपल्या गतीने कडक होतच राहते. न लावणाऱ्याच्या वाट्याला फक्त डोकेदुखी येते.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये हा विषय घरापुरता राहत नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग गावोगावची तरुण मुले ट्रंक घेऊन इथे उतरली. सोलापूर, लातूर, बीड, सातारा, सांगली, कुठून कुठून आली. कासारवाडी, दापोडी, आकुर्डीच्या चाळींत राहिली. १९८२ मध्ये इथे महानगरपालिका झाली तेव्हा ही पिढी ऐन उमेदीत होती. आज तीच माणसे सत्तर-पंच्याहत्तरीची आहेत. त्यांची मुले आणि नातवंडे चाकणच्या कारखान्यांत शिफ्टला जातात आणि ही माणसे दिवसभर घरी असतात. ज्यांनी हे शहर उभे केले, त्यांच्या हातात आज वेळ आहे. पण हातातले अक्षर पुसट झाले आहे.

जे अजून कामावर आहेत त्यांचे काय? तपासणी विभागातला अनुभव सांगतो. व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरचा फरक वाचायचा असतो. दोन बारीक रेघा नेमक्या कुठे जुळल्या ते पाहायचे असते. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा अनुभवी ऑपरेटर जॉब हातात घेऊन दिव्याकडे वळतो, व्हर्नियर लांब धरतो, आणि शेवटी शेजारच्या पोराला म्हणतो, 'जरा बघ रे, किती येतंय.' चष्मा त्याच्या खिशात असतो, पण साहेबांसमोर तो काढायचा नसतो. 'म्हातारा झाला' असा शिक्का बसला तर कंत्राटाचे नूतनीकरण होईल की नाही, ही धास्ती असते. पुढे डिजिटल व्हर्नियर आले आणि आकडे मोठे दिसू लागले, पण ड्रॉइंगवरची बारीक मापे तशीच राहिली.

या धास्तीला उत्तर देणारा एक अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत पाने खुडणाऱ्या चाळीस वर्षांवरील ७५१ कामगारांपैकी निम्म्यांना जवळचे दिसण्याचा साधा चष्मा दिला गेला. चष्मा मिळालेल्यांचे काम न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढले. २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. म्हणजे चष्मा लावणारा कामगार कमकुवत ठरत नाही, उलट तोच जास्त काम देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगात ८२ कोटी ६० लाख लोकांना चाळिशीचा त्रास असून योग्य चष्मा मिळालेला नाही. यात आपल्याच गल्लीतले, आपल्याच घरातले लोक आहेत.

आता घरातल्या बदलांकडे येतो. पहिला बदल प्रकाशाचा. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताबुल मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, असे त्यांच्या आधीचे अनेक विद्वान मानत. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा दिसते, हे इब्न अल-हैसम यांनी प्रयोगांनी मांडले. पुढे हा ग्रंथ लॅटिन भाषेत गेला. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे बनू लागले, त्याआधी युरोपात प्रकाशाचा जो अभ्यास झाला त्याच्या पायाशी हा ग्रंथ होता. इतक्या मोठ्या परंपरेचा साधा धडा आपण मात्र घरात विसरतो : दिसायचे असेल तर आधी प्रकाश हवा.

साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. म्हणून ज्या ट्यूबखाली नातू आरामात अभ्यास करतो, तिथेच आजोबांना अंधार वाटतो. दोघेही खरेच बोलत असतात. आपल्या फ्लॅटमध्ये आणि चाळीच्या खोल्यांमध्ये दिवा एका भिंतीवर आणि बसायची जागा दुसऱ्या भिंतीशी असते. वाचणाऱ्याची सावलीच पानावर पडते.

आम्ही वाचायची जागा बदलली. दिवसा खिडकी डाव्या बाजूला येईल अशी खुर्ची ठेवली. पहाटे आणि रात्रीसाठी मान वळवता येणारा एक टेबल लॅम्प आणला, त्यात नऊ वॅटचा एलईडी बल्ब लावला आणि तो खांद्याच्या मागून पुस्तकावर पडेल असा ठेवला. छतावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा जवळच्या लहान दिव्याचा उपयोग जास्त होतो, कारण दिव्याचे अंतर निम्मे केले की पानावरचा प्रकाश जवळजवळ चौपट होतो. दिवा डोळ्यांत चमकू नये आणि गुळगुळीत कागदावर त्याचे प्रतिबिंब पडू नये, एवढी काळजी घ्यायची. खोलीतला दुसरा दिवाही चालू ठेवायचा. भोवती काळोख आणि पानावर झगझगाट असला की डोळे लवकर दमतात.

दुसरा बदल अंतराचा. वाचायचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर अंतरासाठी केलेला असतो. आपण मात्र जमिनीवर मांडी घालून बसतो आणि समोर रिहल ठेवतो, तेव्हा डोळे आणि मुसहफ यांत त्याहून बरेच जास्त अंतर पडते. मग माणूस पुढे वाकतो, मान आणि पाठ दुखते, आणि एक रुकूही पूर्ण न करता उठतो. आम्ही रिहल एका छोट्या चौरंगावर ठेवली. चौरंगाने अंतर कमी झाले, मान सरळ राहिली आणि पूर्वी जेमतेम पाव पारा होत असे तिथे आता आरामात अर्धा पारा होतो. ज्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही त्यांनी खुर्ची-टेबलावर बसून तिलावत करावी, त्यात संकोच कसला?

तिसरा बदल अक्षराच्या आकाराचा. मदिनेच्या किंग फहद संकुलातून छापला जाणारा, उस्मान ताहा यांच्या हस्ताक्षरातला मुसहफ पंधरा ओळींचा आणि ६०४ पानांचा असतो. आपल्याकडे हिफ्जसाठी पंधरा-सोळा ओळींच्या प्रती चालतात. पण तेरा ओळींची प्रतही मिळते, आणि त्याच आकाराच्या पानावर दोन ओळी कमी झाल्या की अक्षर केवढे मोकळे होते ते पाहावे. याहून सोयीचे म्हणजे तीस पारे वेगवेगळे बांधलेला संच. आपण तो कुरआनखानीपुरता वापरतो आणि कपाटात ठेवतो. पण एक पारा हातात हलका असतो, हवा तसा डोळ्यांजवळ आणता येतो आणि थकलेल्या मनगटाला पेलतो. वयस्कर माणसासाठी याहून चांगली भेट आम्हाला माहीत नाही.

अक्षराचा आकार हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. अरबीत नुक्त्यांच्या फरकाने 'बे'चा 'ते' होतो, जेर-जबर चुकले की अर्थ बदलतो. मराठीतही 'दिन' आणि 'दीन' यांत फक्त वेलांटीचा फरक आहे, 'घरात' आणि 'घरांत' यांत एका टिंबाचा. शाळेत हेच शिकवण्यात आमच्यापैकी एकीचे आयुष्य गेले. डोळा अंदाजाने वाचू लागला की माणूस लिहिलेले सोडून त्याला वाटते ते वाचतो.

यात काय पणाला लागलेले असते, ते दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीने पाहिले. पुनर्विकासाचा करारनामा आला. बावन्न पाने, बारीक अक्षर, दाट ओळी. बांधकाम व्यावसायिकाचा माणूस दारोदार फिरून पेन्सिलने खूण केलेल्या जागी सह्या घेत होता. आम्ही म्हटले, 'ठेवून जा, वाचून देतो.' तो हसून म्हणाला, 'काका, एवढं कोण वाचतं? सगळ्यांच्या सह्या झाल्यात.' त्याचे खरे होते. वरच्या मजल्यावरच्या खालाबींनी सही केली होती, कारण मुलगा चाकणला रात्रपाळीला होता आणि त्यांना अक्षर दिसत नव्हते. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ए-फोर पानांच्या ए-थ्री कागदावर झेरॉक्स काढल्या. असे केले की अक्षर १४१ टक्के होते, म्हणजे जवळजवळ दीडपट. तीन संध्याकाळी दिव्याखाली बसून दोघांनी पान न् पान वाचले. इमारत पूर्ण करायची मुदत छत्तीस महिन्यांची होती आणि तोवर आम्हाला मिळायचे भाडे होते चोवीस महिन्यांचे. सभेत आम्ही ते पान सगळ्यांसमोर ठेवले. नोंदणीच्या आधी कलम बदलून मिळाले. बारा महिन्यांचे भाडे खालाबींनी कुठून भरले असते?

देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवावेत, अशी स्पष्ट ताकीद सूरह बकरामध्ये आहे, आणि कुरआनातली सर्वांत दीर्घ आयत याच विषयावर आहे. लिहिलेले स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणे हा त्या शिकवणुकीचाच पुढचा भाग आहे, असे आम्हाला वाटते. मुले वाचून दाखवतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण मुले कामावर असतात, घाईत असतात, आणि त्यांना महत्त्वाचे वाटेल तेवढेच सांगतात. पेन्शनचा कागद, औषधाची चिठ्ठी, दवाखान्याचे संमतिपत्र ज्याचे त्याला वाचता आले पाहिजे.

मोबाइल याला मोठा हातभार लावतो. सेटिंगमध्ये जाऊन अक्षराचा आकार वाढवता येतो. औषधाच्या पाकिटावरची तारीख दिसत नसेल तर तिचा फोटो काढून दोन बोटांनी मोठा करावा. पडदा काळा आणि अक्षरे पांढरी अशीही सोय असते, काहींना ती मानवते, काहींना नाही. मोबाइल मराठी मजकूर वाचूनही दाखवतो. नातवाकडून एकदा हे करून घ्यावे आणि दुसऱ्यांदा स्वतः करावे. ज्यांची दृष्टी चष्म्यानेही सुधारत नाही, त्यांच्यासाठी २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना पुस्तके वेगळ्या स्वरूपात मिळावीत यासाठी झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश आपला होता, हेही लक्षात असू द्यावे.

आता एक सावधगिरी. प्रत्येक अंधुकपणा हा चाळिशीचा नसतो. दिव्याभोवती वलये दिसणे, चष्मा बदलूनही धूसर वाटणे हे मोतीबिंदूचे लक्षण असू शकते. काचबिंदू तर बहुधा काहीच न सांगता दृष्टी खातो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, दिसण्यात काही फरक वाटत नसला तरी. सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, डोळ्यापुढे अचानक पडदा आल्यासारखे झाले किंवा प्रकाशाचे झोत चमकू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आपल्याकडे संत तुकारामनगरात महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे, पुण्यात मोहम्मदवाडीला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे ह. वि. देसाई नेत्ररुग्णालय आहे. रस्त्यावरच्या गाडीवरचा तयार चष्मा अडीअडचणीला चालतो, पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि आपले दोन डोळे बहुधा सारखे नसतात. शिवाय गाडीवाला चष्मा देतो, काचबिंदू शोधून देत नाही.

आपल्या घरांत दोन शंका नेहमी निघतात. एक, रमजानमध्ये डोळ्यांतले थेंब बंद करावेत का? काचबिंदूचे थेंब स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. हनफी आणि शाफई फिकहप्रमाणे डोळ्यांत थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही, आणि तरीही मन घेत नसेल तर डॉक्टरांना विचारून सहेरी-इफ्तारची वेळ ठरवता येते. दुसरी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वुजू आणि सजदा कसा करायचा? काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते आणि वाकायचे नसते. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिलेली आहे, ती आपल्या इमामसाहेबांकडून समजून घ्यावी. थोड्या दिवसांच्या या अडचणीसाठी आमच्या ओळखीतल्या एका बुजुर्गांनी चार वर्षे ऑपरेशन पुढे ढकलले आणि ती चार वर्षे त्यांची तिलावत बंद होती. ऑपरेशननंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी पहिला पारा पुन्हा उघडला.

वाचकहो, आपल्या घरात अम्मी, अब्बा, दादी, नाना कोणी वाचणे सोडले असेल तर 'कंटाळा आला असेल' म्हणून पुढे जाऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, हे मासिक त्यांच्या हातात द्या आणि त्यांना सहज कोणत्या अंतरावर दिसते ते पाहा. मग दिवा जवळ आणा आणि पुन्हा पाहा. फरक तुमच्याच लक्षात येईल. संपादकांनाही आमची विनंती आहे की, चार ओळी कमी छापल्या तरी चालतील, पण अक्षर लहान करू नये. आणि येत्या ईदला घरातल्या मोठ्यांसाठी कापड घ्यायला निघाल, तेव्हा त्याच पिशवीत एक टेबल लॅम्प आणि पाऱ्यांचा सुटा संच टाकून आणा.